चर्चागटावरील संदेशांचा स्वामित्वहक्क : पत्रविषयक कायद्याच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

सांताक्रूझ परिसराचा आणि भारतातील ई-मेलचा संबंध जुना आहे. सांताक्रूझला लागून असलेल्या जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था आणि पवई येथील आय.आय.टी. यांच्यात १९८७ च्या सुमारास दूरध्वनीच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. एर्नेट या शैक्षणिक जाळ्याचा तो आरंभकाळ होता. पुढे परदेशाशी जोडणारा दुवाही जुहूच्या याच संस्थेतून गेला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. तोपर्यंत ई-मेल हे मुख्यतः प्राध्यापक आणि संशोधक यांचेच साधन होते. एकाने लिहावे आणि ते अनेकांना एकाच वेळी मिळावे, ही चर्चागटाची पद्धतही याच वर्गात प्रथम रुळली.

एका व्यक्तीला पत्र लिहिणे आणि तेच पत्र तीनशे जणांच्या गटाला पाठवणे यांत तांत्रिकदृष्ट्या फारसे अंतर उरलेले नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यातून बरेच प्रश्न निर्माण होतात. उदाहरणादाखल, एखाद्या विषयाच्या प्राध्यापकांचा असा गट आहे असे समजू. कालिना येथील विद्यापीठ परिसरात होऊ घातलेल्या अभ्यासक्रम-बदलावर त्या गटात दोन महिने चर्चा चालते. कोणी सविस्तर टिपणे लिहितो, कोणी पाठ्यपुस्तकांची चिकित्सा करतो, तर कोणी नमुना प्रश्न तयार करून पाठवतो. वर्षभराने गटातीलच एक सदस्य ही सामग्री एकत्र करतो आणि आय.एस.बी.एन. क्रमांक घेऊन, ‘संपादक’ म्हणून स्वतःच्या नावाने पुस्तक छापतो. हरकत घेतली असता उत्तर मिळते की, टिपणे सर्वांनाच पाठवली होती, तेव्हा ती आता गटाची झाली.

या उत्तरात कितपत तथ्य आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्राध्यापकाचे बरेचसे विचारधन ग्रंथरूप घेण्यापूर्वी अशाच टिपणांत विखुरलेले असते आणि नेमणूक वा पदोन्नतीच्या वेळी मोजले जाते ते प्रकाशन. त्यामुळे हा प्रश्न केवळ सैद्धान्तिक नाही.

कागद एकाचा, शब्द दुसऱ्याचे

ई-मेल नवा असला तरी मूळ प्रश्न नवा नाही. पत्र कोणाचे, लिहिणाऱ्याचे की ज्याला मिळाले त्याचे? मराठी इतिहाससंशोधनाची इमारत तर पत्रांवरच उभी आहे. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांना दप्तरे बाळगणाऱ्या घराण्यांची मनधरणी करावी लागली. ती घराणी बहुधा पत्रे मिळालेल्यांची होती. लिहिणाऱ्यांच्या वंशजांचा शोध घेण्याचे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते, कारण ती पत्रे शतकाहून अधिक जुनी होती. ज्याच्या घरी कागद, त्याचाच त्यावर अधिकार, ही समजूत आपल्याकडे दृढ होण्यास ही परंपराही थोडीफार कारणीभूत असावी.

कायद्याने मात्र ही समजूत फार पूर्वीच मोडीत काढली. अलेक्झांडर पोप या कवीचा पत्रव्यवहार एडमंड कर्ल या प्रकाशकाने परस्पर छापला, तेव्हा प्रकरण इंग्लंडच्या लॉर्ड चॅन्सेलरपुढे गेले. लॉर्ड हार्डविक यांनी १७४१ मध्ये दिलेल्या निर्णयाचे सूत्र असे होते : पत्र ज्याला मिळते त्याची मालकी फार तर कागदावर असते, ते छापून प्रसिद्ध करण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. या निर्णयाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते, वास्तविक चर्चागटाच्या संदर्भात तीच अधिक उपयोगाची आहे. पोपने स्वतः लिहिलेल्या पत्रांपुरतीच मनाई मिळाली. स्विफ्ट आदींनी त्याला लिहिलेल्या पत्रांबाबत त्याला काहीही मागता आले नाही, कारण ते शब्द त्याचे नव्हते. एकाच पत्रव्यवहाराचे अशा रीतीने दोन भाग झाले आणि प्रत्येक भाग आपापल्या लेखकाकडे गेला.

मराठीतील एक उदाहरण हीच गोष्ट अधिक स्पष्ट करते. जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांचा पत्रव्यवहार वाचकांना दोन स्वतंत्र पुस्तकांतून परिचित आहे. जी. एं.नी सुनीताबाईंना लिहिलेली पत्रे त्यांच्या निवडक पत्रांच्या खंडात आहेत, तर सुनीताबाईंनी लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या पुस्तकात आहेत. संवाद एक असला तरी त्याचे लेखक दोन आहेत. त्यांच्या हक्काची मुदतही सारखी नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. सुनीताबाईंची पत्रे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली आणि त्यांचे निधन २००९ मध्ये झाले, म्हणून त्या पत्रांवरील हक्क २०६९ च्या अखेरपर्यंत राहील. जी. एं.चे निधन १९८७ चे आहे, परंतु त्यांची ही पत्रे मरणोत्तर प्रसिद्ध झाली. अशा लेखनासाठी कायद्याच्या २४ व्या कलमानुसार ६० वर्षे मोजली जातात ती मृत्यूच्या नव्हे, तर प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून. चर्चागटावरील एखाद्या वादाची साखळी म्हणजे अशाच विविध लेखकांच्या आणि विविध मुदतींच्या तुकड्यांची गुंफण होय.

पत्र मिळालेल्या व्यक्तीच्या हाती मग काय राहते? चित्रकार व्हिसलर याच्या पत्रांवरून इंग्लंडमध्ये १९०७ मध्ये झालेल्या खटल्यात याचे उत्तर मिळते. पत्रांतील माहिती वापरून चरित्र लिहिण्यास चरित्रकारांना मोकळीक मिळाली. पत्रांतील मजकूर मात्र त्यांना छापता आला नाही. आशय आणि शब्दरचना यांतील हा भेद भारतीय न्यायालयांनीही स्वीकारला आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, कल्पना वा विषय यांवर स्वामित्वहक्क नसतो, तो त्यांच्या अभिव्यक्तीवर असतो, असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे. गटातील एखाद्या टिपणातील युक्तिवाद दुसऱ्याने आपल्या शब्दांत मांडला, तर हक्कभंग होत नाही. त्याने श्रेय दिले नसेल, तर तो वाङ्मयचौर्याचा विषय ठरू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची शैक्षणिक सचोटीविषयक नियमावली अशा प्रकरणी शिस्तीच्या मार्गाने जाते, न्यायालयाच्या नव्हे. महाविद्यालयीन चर्चेत या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते.

भारतीय कायदा आणि नोंदणीचा प्रश्न

भारतात हा विषय १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाखाली येतो. या अधिनियमात पत्र किंवा ई-मेल यांच्यासाठी स्वतंत्र तरतूद नाही आणि तिची आवश्यकताही नाही. लिहिलेला मजकूर मौलिक असेल, तर तो ‘साहित्यकृती’ या सदरात मोडतो. येथे साहित्य हा शब्द ललित वाङ्मयापुरता मर्यादित नाही. प्रश्नपत्रिकाही त्यात येते. १७ व्या कलमानुसार या हक्काचा पहिला मालक लेखक असतो. हक्क म्हणजे प्रती काढणे, त्या वितरित करणे, लोकांपर्यंत पोहोचवणे, भाषांतर आणि रूपांतर करणे या कृतींवरील अधिकार. भाषांतराचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. इंग्रजीतून झालेली चर्चा मराठीत आणून आपल्या नियतकालिकात देणाऱ्याला, ‘भाषांतर तर माझे आहे’ असे म्हणून सुटता येत नाही.

प्रत्येक संदेशाला संरक्षण मिळते असेही नाही. ‘सहमत आहे’, ‘सभा शुक्रवारी तीन वाजता’ यांसारख्या ओळींत निर्मितीचा अंश नसतो. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या डिसेंबर २००७ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने केवळ श्रम पुरेसे न मानता कौशल्य, विवेक आणि किमान सर्जनशीलता यांची अपेक्षा केली. परिच्छेदभर केलेली पाठ्यपुस्तकाची चिकित्सा या कसोटीला सहज उतरते.

नोंदणीच्या बाबतीत मुंबईतील न्यायनिर्णयांचा इतिहास पाहण्यासारखा आहे. ई-मेल लिहिल्यावर त्याची स्वामित्वहक्क कार्यालयात नोंद करण्यास कोणीही जात नाही. धीरज देवानी विरुद्ध सोनल इन्फो सिस्टिम्स या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये असा निर्णय दिला की, नोंदणी असल्याशिवाय कायद्यातील उपाय मागता येत नाहीत. हा निर्णय कायम राहिला असता, तर पत्रे, टिपणे, हस्तलिखिते आणि ई-मेल या सर्वांचे लेखक महाराष्ट्रात व्यवहारतः निराधार झाले असते. ९ मार्च २०२१ रोजी संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग या प्रकरणात त्याच न्यायालयाने सविस्तर मीमांसा करून नोंदणी अनिवार्य नसल्याचे स्पष्ट केले आणि आधीचा निर्णय बंधनकारक उदाहरण म्हणून मानण्यास नकार दिला. बर्न कराराची भूमिकाही हीच आहे. त्या करारानुसार लेखन होताच हक्क निर्माण होतो. त्यासाठी कोणतीही औपचारिकता लागत नाही. ‘संदेशाखाली हक्क राखून ठेवल्याची ओळ नव्हती’ हा बचावही याच कारणाने टिकत नाही.

गट म्हणजे कोण?

आता ‘ते गटाचे झाले’ या मूळ उत्तराकडे वळता येईल. गट ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नाही. ती नोंदणीकृत संस्था नसेल, तर तिच्या नावे मालमत्ता असू शकत नाही. फार तर असे म्हणता येईल की, चर्चा ही सर्वांची संयुक्त कृती आहे. परंतु अधिनियमातील संयुक्त कृतीची व्याख्या येथे आड येते. एका लेखकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा दाखवता येत नसेल, तेव्हाच कृती संयुक्त ठरते. मौलाना आझाद यांच्या ‘इंडिया विन्स फ्रीडम’ या ग्रंथाच्या संदर्भात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये संयुक्त लेखनासाठी पूर्वनियोजित समान योजनेनुसार दिलेले बौद्धिक योगदान ही कसोटी सांगितली. ई-मेल गटात प्रत्येक संदेशावर पाठवणाऱ्याचे नाव, दिनांक आणि वेळ असते. इतके स्पष्टपणे वेगळे काढता येणारे योगदान क्वचितच दुसरीकडे आढळेल. अनेकांनी एकाच मसुद्यात एकमेकांची वाक्ये बदलत अंतिम निवेदन तयार केले, तर मात्र ते संयुक्त मानावे लागेल.

संकलन करणाऱ्याचे काय? त्याच्या निवडीत आणि मांडणीत मौलिकता असेल, तर तेवढ्या मांडणीवर त्याचा हक्क निर्माण होतो; आतील संदेशांवर होत नाही. या बाबतीत मुंबईच्याच एका जुन्या प्रकरणाचा दाखला देता येईल. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेसाठी नेमलेल्या प्लुटार्ककृत अलेक्झांडर-चरित्राच्या नॉर्थकृत भाषांतरावरून मॅकमिलन कंपनीने शालेय आवृत्ती काढली आणि मुंबईच्या के. अँड जे. कूपर यांनी तशीच दुसरी आवृत्ती काढली. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९२४ च्या वृत्तांतांत प्रसिद्ध झालेल्या निर्णयानुसार मूळ पुस्तकातून वेचलेल्या उताऱ्यांवर मॅकमिलनला हक्क मिळाला नाही. संपादकाने लिहिलेल्या टिपांवर मात्र मिळाला. दुसऱ्याचा मजकूर वेचणारा आणि स्वतःची टीप लिहिणारा यांतील फरक या निर्णयाने नेमका दाखवला आहे. तेथे मूळ मजकूर सर्वांना खुला होता. चर्चागटावरील मजकूर मात्र जिवंत लेखकांचा असतो, म्हणून संकलकाला प्रत्येकाची परवानगी घेणे भाग आहे.

गट चालवणाऱ्याला, म्हणजे सदस्यांना सामावून घेणाऱ्या वा वगळणाऱ्या व्यक्तीला, या पदामुळे कोणताही हक्क मिळत नाही. उलट बाजूनेही कायदा तसाच पाहतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये व्हॉट्सॲप गटाच्या चालकाविरुद्धचा गुन्हा रद्द केला. समान हेतू वा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल गटचालकाला जबाबदार धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ते फौजदारी प्रकरण होते, त्यात स्वामित्वहक्काचा संबंध नव्हता. तरीही प्रत्येक संदेश ज्याचा त्याचा, ही त्यामागील दृष्टी येथेही मार्गदर्शक ठरावी.

ज्या कंपनीच्या यंत्रणेवर गट चालतो तिचा दावा कितपत मान्य होईल, हे पाहण्यासाठी यूजनेटचे उदाहरण उद्बोधक आहे. नव्वदच्या दशकात परदेशस्थ मराठी मंडळी यूजनेटवरील ‘सोक. कल्चर. इंडियन. मराठी’ या गटात भाषा, पाककृती, राजकारण आणि नाटक यांवर लिहीत असत. यूजनेटवरील असे संदेश डेजा न्यूज ही अमेरिकन कंपनी १९९५ पासून साठवू लागली. फेब्रुवारी २००१ मध्ये तिचा ५० कोटींहून अधिक संदेशांचा संग्रह गुगलने विकत घेतला. या व्यवहारात नेमके काय विकले गेले? संग्रह, यंत्रणा आणि प्रती. लेखकांनी त्या कंपनीशी कोणताही करार केलेला नव्हता, त्यामुळे तिच्याकडे संदेशांवरील हक्क आलेलाच नव्हता आणि जे नाही ते विकता येत नाही. ज्यांना आपले लेखन साठवले जाणे मान्य नव्हते, त्यांच्यासाठी संदेशाच्या शीर्षभागात ‘संग्रह नको’ अशी खूण करण्याची सोय होती. ही सोय ठेवावी लागली यातच लेखकाचे वर्चस्व मान्य झालेले दिसते. परंतु जो गप्प राहिला त्याची संमती गृहीत धरण्याची आजची प्रवृत्तीही तेथूनच वाढली.

नोकरी आणि लेखन

प्राध्यापकांच्या दृष्टीने याहून नाजूक मुद्दा वेगळा आहे. संदेश महाविद्यालयाच्या संगणकावरून, महाविद्यालयाने दिलेल्या ई-मेल पत्त्यावरून, कामाच्या वेळेत लिहिला असेल, तर मालक कोण? १७ व्या कलमाच्या (ग) पोटकलमानुसार, सेवाकराराखाली नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, नियोक्ता असतो. येथे निर्णायक ठरते ते काम, यंत्र वा घड्याळ नव्हे. परीक्षा विभागप्रमुखाने काढलेले परिपत्रक त्याच्या कर्तव्याचाच भाग असते. ग्रामीण कादंबरीवर चर्चागटात लिहिलेले टिपण मात्र कोणत्याही नेमणूकपत्रात नमूद केलेले कर्तव्य नसते. लंडन विद्यापीठाच्या परीक्षकांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकांबाबत १९१६ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने परीक्षक हे विद्यापीठाचे नोकर नाहीत, असा निर्णय देऊन पहिला हक्क त्यांचाच मानला होता. भारतातही या निर्णयाचा आधार वारंवार घेतला जातो.

तरीही भारतीय अधिनियमात एक पोटकलम असे आहे की, ज्याकडे शिक्षकवर्गाचे फारसे लक्ष गेलेले नाही. १७ (घघ) नुसार, सार्वजनिक उपक्रमाच्या निदेशाने वा नियंत्रणाखाली तयार झालेल्या कृतीचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, तो उपक्रम असतो. राज्याच्या अधिनियमाने स्थापन झालेली निगम-संस्थाही या व्याख्येत येते. विद्यापीठ ही अशीच संस्था आहे. अभ्यासमंडळाच्या सदस्यांनी मंडळाच्या ठरावानुसार परस्परांना ई-मेलने पाठवलेला अभ्यासक्रमाचा मसुदा या पोटकलमाखाली विद्यापीठाचा ठरण्याची बरीच शक्यता आहे, सदस्य इतर महाविद्यालयांतील असले तरीही. त्याच विषयावर शिक्षकांनी आपल्या खासगी गटात लिहिलेली मते मात्र कोणाच्याही निदेशावरून लिहिलेली नसतात. आरंभीच्या उदाहरणातील टिपणे या दुसऱ्या वर्गातील आहेत. खासगी संस्थेने चालवलेले संलग्न महाविद्यालय स्वतः अधिनियमाने स्थापन झालेले नसते, म्हणून त्याला हे पोटकलम सहसा लागू होणार नाही.

परवानगीशिवाय काय करता येते

गटाला संदेश पाठवणारा काही गोष्टींना मूक संमती देत असतो, हे मान्य करावेच लागते. सदस्यांच्या पेटीत प्रती उमटणे, उत्तर देताना आधीच्या मजकुरातील ओळी उद्धृत होणे, गटाचा संग्रह खुला असल्यास संदेश त्यात राहणे, या गोष्टी त्या माध्यमाच्या स्वभावातच आहेत. पुस्तक छापणे हा त्या स्वभावाचा भाग नाही.

याखेरीज ५२ व्या कलमातील अपवाद उपलब्ध आहेत. संशोधन, समीक्षा वा परीक्षण यांसाठी न्याय्य प्रमाणात उद्धृत करता येते. किती प्रमाण न्याय्य, याचा आकडा कायद्यात नाही. केरळ उच्च न्यायालयाने सिव्हिक चंद्रन प्रकरणात १९९६ मध्ये घेतलेल्या मजकुराचे प्रमाण व मूल्य, वापराचा हेतू आणि मूळ कृतीशी होणारी स्पर्धा हे तीन घटक पाहिले. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली प्रतही अपवादात येते. दिल्ली विद्यापीठातील रामेश्वरी फोटोकॉपी प्रकरणात २०१६ मध्ये या अपवादाचा बराच उदार अर्थ लावला गेला. त्यामुळे सहकाऱ्याचे टिपण वर्गात वाटण्यास अडचण नाही. तेच टिपण विक्रीच्या मार्गदर्शिकेत घालण्यास आहे.

दोन बंधने मात्र या अपवादांच्या बाहेर राहतात. पहिले ५७ व्या कलमाचे. लेखक म्हणून आपले नाव लावले जावे आणि आपला मजकूर अप्रतिष्ठा होईल असा विकृत केला जाऊ नये, हा लेखकाचा अधिकार हक्क विकल्यानंतरही शिल्लक राहतो. लांब संदेशातील अर्धे वाक्य तोडून उलट अर्थाने छापणे येथे येऊ शकते. दुसरे बंधन विश्वासाचे. झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडियल कम्युनिकेशन्स या २००३ च्या निर्णयात मुंबई उच्च न्यायालयाने विश्वासाने सांगितलेल्या संकल्पनेचे संरक्षण स्वामित्वहक्काहून निराळ्या पायावर मान्य केले. बंद गटात, ‘बाहेर जाऊ नये’ अशा स्पष्ट समजुतीने लिहिलेला मजकूर उघड करणाऱ्याला आशय-अभिव्यक्ती हा भेद वाचवू शकेलच असे नाही.

लेखी संमती आणि पुढील काळ

हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे, असे १९ वे कलम सांगते. केवळ परवाना द्यायचा तर ३० व्या कलमानुसार २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखी असणे पुरेसे आहे, स्वाक्षरीची अट गेली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या चौथ्या कलमाने इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी मजकुराचा दर्जा दिला आहे. तेव्हा ‘माझे टिपण आपल्या संकलनात माझ्या नावाने घ्यावे’ असा एका ओळीचा ई-मेल हा परवाना ठरू शकतो. एवढे सोपे असता परवानगी न मागणाऱ्याची कीव करावी की राग, हे ज्याने त्याने ठरवावे. हस्तांतरणपत्रात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षांची समजली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल, तर भारतापुरता. परवान्यालाही हेच नियम, आवश्यक त्या फेरफारांसह, लागू होतात. हे ठाऊक नसल्याने संपादित ग्रंथांच्या पुढील आवृत्त्या पुष्कळदा आधाराविना निघतात. गट स्थापन करतानाच प्रवेशाच्या अटींत संग्रह, उद्धरण, संकलन आणि श्रेय यांविषयी चार वाक्ये घातली, तर हा सर्व पत्रव्यवहार टळतो.

लेखकाचा हक्क टिकला तरी लेखन टिकेलच असे नाही. याहू ग्रुप्सवर असंख्य चर्चागट जवळजवळ दोन दशके चालले होते. कंपनीने २०१९ च्या अखेरीस तेथील साठवलेला मजकूर काढून टाकण्यास आरंभ केला आणि १५ डिसेंबर २०२० रोजी ती सेवा पूर्णतः बंद केली. संदेशांवरील हक्क लेखकांकडेच राहिला, परंतु ज्या सदस्यांनी स्वतःच्या संगणकावर प्रती ठेवल्या नव्हत्या त्यांच्या हाती काही उरले नाही. भावी संशोधकाला अशा वेळी पुन्हा राजवाड्यांसारखेच दप्तर बाळगणाऱ्याचे दार ठोठवावे लागेल, आणि या खेपेला पत्रे कायद्याच्या मुदतीतील असतील.

त्या संशोधकासमोर मुदतीचाही पेच आहे. खुल्या संग्रहात गेलेला संदेश लोकांपर्यंत पोहोचवला गेला म्हणून प्रकाशित मानता येतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी तो सर्वांना खुला होतो. पूर्णतः बंद गटातील संदेश मात्र अप्रकाशित ठरण्याचा संभव अधिक आहे. लेखकाच्या मृत्यूपर्यंत तो तसाच राहिला, तर २४ व्या कलमानुसार तो प्रसिद्ध होईपर्यंत ६० वर्षांची गणना सुरूच होत नाही. लेखक मृत, अज्ञात किंवा शोधूनही न सापडणारा असेल, तर ३१ (क) या कलमाखाली प्रकाशनासाठी सक्तीचा परवाना मागता येतो. हे कलम १९८३ च्या दुरुस्तीने आले. पूर्वी असा अर्ज कॉपीराइट मंडळाकडे करावा लागे. २०२१ मध्ये न्यायाधिकरणांच्या कायद्यात बदल झाल्यापासून तो वाणिज्यिक न्यायालयाकडे करावा लागतो. दुसरी वाट ५२ व्या कलमातील (त) खंडाची आहे. लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात वा संग्रहालयात ठेवलेल्या अप्रकाशित साहित्याची संशोधनासाठी, खासगी अभ्यासासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने प्रत काढता येते; लेखक कोण हे ठाऊक असेल, तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षे उलटलेली असली पाहिजेत. ही वाट खुली होण्यासाठी साहित्य प्रथम ग्रंथालयात असावे लागते. सदस्याने आपल्या पेटीतील संदेशांच्या प्रती कालिना येथील जवाहरलाल नेहरू ग्रंथालयासारख्या ठिकाणी जमा केल्या, तर त्या प्रतींना हा खंड लागू होऊ शकेल; खासगी संगणकात पडून राहिलेल्या प्रतींना तो लागू होत नाही.